वहीतला पाण्याचा रकाना: सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याचं प्रकरण

लहान कारखान्यांचं कॉस्टिंग, म्हणजे उत्पादन खर्चाचा हिशेब, करून देणं हे माझं काम. त्यातलंच हे एक प्रकरण. कारखानदारांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून नाव दिलेलं नाही आणि काही तपशील बदलले आहेत. आकडे त्यांच्या वहीतले आहेत, फक्त पूर्णांकात आणलेले.

पार्श्वभूमी

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा कारखाना. धोट्याचे, म्हणजे आडवा धागा धोट्याने टाकणारे जुन्या पद्धतीचे २४ माग, एका विणकराकडे दोन. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, म्हणजे २४ विणकर. शिवाय माग दुरुस्त ठेवणारे दोन जॉबर, बीम (ताण्याच्या धाग्यांचा रूळ) जोडणारे, आणि शिलाई, तपासणी व पॅकिंगला अकरा बायका. मालकांचे आजोबा तेलंगणातून विणकर म्हणून सोलापुरात आले, जुन्या गिरणीत लागले. वडिलांनी घरात दोन हातमाग टाकले, मालकांनी यंत्रमाग. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकर वस्तीतल्या शेकडो घरांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे. मुलगा इचलकरंजीला टेक्स्टाइल शिकून परत आला, हा मात्र फरक. त्याच्या वर्गातले बहुतेक सोलापूरकर पुण्याला गेले.

माल दोन ठिकाणी जायचा. साधारण निम्मा देशातल्या घाऊक बाजारात, निम्मा मुंबईच्या एका निर्यातदारामार्फत अमेरिका आणि युरोपात. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा अभिमान सगळ्यांनाच आहे. पण परदेशी ग्राहक मानांकन पाहून भाव वाढवून देत नाही. तो किलोचा भाव, वजनातला सारखेपणा आणि माल किती दिवसांत मिळणार एवढंच विचारतो.

अडचण

२०२२ चा उन्हाळा आठवून पाहा. मे महिन्यात कापसाची खंडी (सुमारे ३५६ किलो) एक लाख रुपयांच्या वर गेली होती. सूत रोज महाग होत होतं. केंद्राने एप्रिलमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क तात्पुरतं उठवलं, पण तो दिलासा सोलापूरच्या सूतबाजारापर्यंत झिरपायला वेळ लागणार होता. नेमक्या त्याच दिवसांत निर्यातदाराचा निरोप आला: पुढच्या ऑर्डरला ८ टक्के भाव कमी करा, नाहीतर ग्राहक पाकिस्तानकडे जातोय. युरोपात पाकिस्तानी टॉवेलला २०१४ पासून जीएसपी प्लस या युरोपीय संघाच्या सवलत योजनेखाली आयात शुल्क लागत नव्हतं, आपल्या मालाला लागत होतं. ही दरी मागावर बसून भरून निघणारी नव्हती.

इथे जरा थांबतो, कारण देशाची स्पर्धाक्षमता हा शब्द आपण वर्तमानपत्रात क्रमांकाच्या रूपातच वाचतो. जागतिक आर्थिक मंचाच्या २०१९ च्या यादीत भारत १४१ देशांत ६८ वा होता. स्वित्झर्लंडच्या आयएमडी संस्थेच्या २०२५ च्या यादीत ४१ वा. या याद्यांच्या मुळाशी असलेली व्याख्या मात्र क्रमांकाइतकी वाचली जात नाही. जागतिक आर्थिक मंच स्पर्धाक्षमता म्हणजे देशाची उत्पादकता ठरवणाऱ्या संस्था, धोरणं आणि घटक असं म्हणतो. हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल पोर्टर १९९० पासून सांगत आले की देशाच्या पातळीवर या शब्दाला उत्पादकतेपलीकडे फारसा अर्थ नाही. अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमन यांनी तर १९९४ साली बजावलं होतं की देश म्हणजे कंपनी नव्हे. कंपनी हरली तर बंद पडते, देश बंद पडत नाही, आणि लोकांचं राहणीमान मुख्यतः घरच्या उत्पादकतेवर ठरतं, शेजाऱ्याला हरवण्यावर नाही.

भाव कमी करण्याचे दोन सोपे मार्ग असतात: मजुरी पाडणं आणि रुपया पडू देणं. २०२२ च्या सुरुवातीला ७५ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर वर्षअखेरीस ८२-८३ ला गेला. निर्यातदारांना त्याने थोडा श्वास मिळाला, पण त्याच काळात विणकराच्या घरातलं तेल आणि गॅसही महागला. माल स्वस्त आणि माणूस गरीब, याला मी स्पर्धाक्षमता म्हणायला तयार नाही. या कारखान्यात जे पाहिलं त्यानंतर तर अजिबात नाही.

समोरचे पर्याय

बापलेकांपुढे तेव्हा चार वाटा होत्या.

पहिली, पीस रेट, म्हणजे विणलेल्या नगामागे मिळणारी मजुरी, कमी करण्याची. आजूबाजूच्या दोघा-तिघांनी ते केलंही होतं. पण हिशेब मांडून पाहू. या कारखान्यात शंभर रुपयांच्या खर्चात सूत ५८, सगळी मजुरी मिळून १६, आणि रंगकाम, वीज, व्याज, किरकोळ मिळून २६. भावातले आठ रुपये मजुरीतून काढायचे तर मजुरी निम्मी करावी लागली असती. निम्म्या मजुरीवर कोण येणार? मालक स्वतः म्हणाले, “अर्ध्या मजुरीत माझा बापही मागावर उभा राहिला नसता.”

दुसरी, नवीन यंत्रं घेण्याची. धोट्याचा माग मिनिटाला सव्वाशे-दीडशे धागे टाकतो, रॅपिअर, म्हणजे बिनधोट्याचा वेगवान माग, त्याच्या दुप्पट-तिप्पट. मुलाचा ओढा इकडे होता.

तिसरी, निर्यात सोडून फक्त देशी बाजार करण्याची. चौथी, माग भंगारात घालून शेड गोदामाला भाड्याने देण्याची. ही चौथी वाट कुणी मोठ्याने बोललं नाही, पण गोदामाचं भाडं काय येईल याची चौकशी मालकांनी करून ठेवली होती. एमआयडीसीतून फिरलात तर ही वाट किती जणांनी धरली ते शटरकडे पाहून कळतं.

जे माग आणि जी माणसं आहेत त्यांचे वाया जाणारे तास शोधणं, ही पाचवी वाट तेव्हा यादीतच नव्हती.

पहिला निर्णय आणि त्याची किंमत

निर्यातदाराला एका ऑर्डरपुरते आठ टक्के दिले, तोटा सोसून. आणि २६ लाखांचं कर्ज काढून चार जुने रॅपिअर आणले. यंत्रांसाठी अनुदान देणारी केंद्राची सुधारित तंत्रज्ञान निधी योजना ३१ मार्च २०२२ ला संपली होती, तेव्हा व्याजाचा भार पुरता अंगावर.

ऑक्टोबरमध्ये रॅपिअर सुरू झाले आणि जानेवारीपर्यंत सगळ्यांचे चेहरे उतरले. कागदावर दुप्पट-तिप्पट वेग, प्रत्यक्षात शंभर तासांतले ४५ तासच माग चालत होते. कारण शोधायला तज्ज्ञ लागत नव्हता. जे जाडंभरडं सूत धोट्याच्या मागाला चालून जायचं, ते या वेगात तटातट तुटायचं. तार तुटली की माग आपोआप थांबतो. चार मागांवर दोन पोरांना शिकवलं होतं, त्यातला एक दिवाळीला घरी गेला तो चाकणला नोकरीला लागला. वेगवान यंत्र थांबलं की तासाला जास्त पैसे बुडतात, एवढाच काय तो धडा पहिल्या चार महिन्यांत मिळाला.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मला बोलावलं ते खरं तर बँकेचे कागद करायला.

वही

मी मुलाला विचारलं, धोट्याचे माग किती टक्के चालतात? तो म्हणाला, ऐंशी. वडील म्हणाले, पंच्याहत्तर. कुणी मोजलं होतं? कुणीच नाही. उत्पादन रोज मोजलं जायचं, थांबलेला वेळ नाही.

मग एक साधी वही केली. माग थांबला की कारण आणि वेळ लिहायची. मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत, सहा आठवडे. लिहिणार कोण, हा पहिला पेच. जॉबर स्वतःची चूक लिहिणार नाही आणि विणकराला वाटणार आपल्या मागे पाळत लावली. शेवटी तपासणी विभागातल्या सगळ्यात जुन्या बाईंकडे वही दिली. सगळे त्यांना अक्का म्हणतात. सातवीपर्यंत शिकलेल्या, अक्षर मोत्यासारखं.

तिसऱ्या दिवशी अक्का वही घेऊन ऑफिसात आल्या.

“मालक, हे ‘गैरहजर’ मी लिहिणार नाही.”

“का बरं, अक्का?”

“माणूस गैरहजर नाही. घरी नळाला पाणी येलालंय. तिथं ‘पाणी’ लिहा.”

बाहेरगावच्या वाचकाला हे समजावून सांगावं लागेल. उजनी धरण शहरापासून शंभरेक किलोमीटरवर, आणि वर्षानुवर्षं सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. तीन, चार, कधी पाच दिवसांआड, भागाभागाने. पाळी कधी पहाटे तीनला येते, कधी दुपारी अकराला. त्या दोन तासांत घरात भरून ठेवलं नाही तर पुढचे चार दिवस शेजाऱ्यांपुढे घागर घेऊन उभं राहायचं. बायको विड्या वळायला गेलेली, म्हातारी आई एकटी घरी, अशा वेळी विणकर काय करणार? त्याने माग सोडला तर त्याचा पीस बुडतो, पण पाणी सोडलं तर घर अडतं.

अक्कांच्या सांगण्यावरून रकाना बदलला. सहा आठवड्यांनी वही उघडली तेव्हा धोट्याचे माग शंभर तासांत ५८ तास चाललेले निघाले. उरलेल्या ४२ पैकी मागावर माणूस नाही म्हणून १३, तार तुटली म्हणून ११, बीम बदलणं-जोडणं आणि त्याची वाट पाहणं यात ९, वीज आणि यांत्रिक बिघाड ५, बाकी ४. त्या १३ तासांपैकी निम्म्याहून जास्त तासांपुढे ‘पाणी’ लिहिलेलं होतं.

मालक बराच वेळ त्या पानाकडे पाहत बसले. २६ लाखांचे रॅपिअर आणले, आणि गळती होती नळाशी.

तार तुटण्याचे आकडेही बोलके होते. सकाळी सहा ते दहा तार कमी तुटायची, दुपारी एक ते पाच दुपटीच्या आसपास. सुती धाग्याला विणताना हवेत ७० टक्क्यांच्या आसपास ओलावा हवा असतो. सोलापूरच्या एप्रिलमध्ये, पारा ४२-४३ वर असताना, हवा भाजलेल्या पापडासारखी कोरडी. पत्र्याखाली धागा ठिसूळ होतो आणि तो जोडणारा माणूसही थकतो. भारतीय कारखान्यांवरचा एक मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला, त्यात सुरतेचे विणकामाचे कारखानेही होते. तापमान एका अंशाने वाढलं की कारखान्याचं वार्षिक उत्पादन साधारण २ टक्क्यांनी घसरतं, आणि त्यामागे माणसाची थकलेली उत्पादकता आणि गैरहजेरी असते, असा त्याचा निष्कर्ष. आमच्या वहीत तेच एका शेडपुरतं दिसत होतं.

काय केलं

सगळं एकदम केलं नाही, आणि सगळं जमलंही नाही.

पाण्यासाठी आधी मुलाने सुचवलं की कारखान्याचा टँकर वस्तीत पाठवू. अक्कांनीच मोडता घातला. एका घराला दिलं तर शेजारच्याला काय सांगणार? मग दोन गोष्टी ठरल्या. ज्यांना हवी त्यांना ५०० लिटरची टाकी घ्यायला बिनव्याजी उचल, महिन्याला थोडी थोडी कापून घ्यायची. १९ घरांनी घेतली. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या सहा जणांना घरमालकांनी टाकी ठेवू दिली नाही, त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. दुसरी गोष्ट बिनखर्चाची: वेगवेगळ्या भागांत राहणाऱ्या दोन विणकरांची जोडी लावली. दत्तनगरच्याकडे पाणी आलं की अशोक चौकाकडचा त्याचे माग दोन तास सांभाळणार, आणि उलट. जोड्या त्यांनी त्यांच्या त्यांनी लावल्या. मी लावल्या असत्या तर टिकल्या नसत्या.

उष्णतेचं काम जास्त नाजूक होतं. धाग्याला ओलावा हवा, पण तापलेल्या शेडमध्ये नुसता ओलावा वाढवला तर माणसाचा घाम सुकत नाही आणि त्याला भोवळ येते. म्हणून क्रम ठरवला: आधी पत्र्याला पांढरा लेप आणि छताजवळ हवा बाहेर काढणारे पंखे, मग पाण्याचा फवारा सोडणारी यंत्रणा. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात फवाऱ्याने हवा गारही होते, ही आपल्या हवामानाची देणगी. पावसाळ्यात तो बंद ठेवायचा. एकूण खर्च साडेतीन लाखांच्या आत. चार रॅपिअरच्या कर्जाच्या सातव्या हिश्श्याहूनही कमी.

खरा वाद पाळ्यांवर झाला. मी आठ तासांच्या तीन पाळ्या सुचवल्या. आठ मागांवर महिनाभर करून पाहिलं, पण तिसऱ्या पाळीला विणकरच मिळेनात, आणि जे होते त्यांनाही पीस कमी पडून पगार घटण्याची धास्ती. मग मधला मार्ग निघाला: दहा तासांच्या दोन पाळ्या आणि मध्ये दोनदा दोन-दोन तास सगळे माग बंद. त्या वेळात बीम जोडणी, सफाई, तेलपाणी. म्हणजे विणकर बीमची वाट पाहत उभा राहणार नाही.

मालकांचा जीव यात अडकला होता. दिवसाचे चार तास माग बंद? विणकरांना उलटी भीती होती. दोन तास कमी म्हणजे पैसे कमी. मुलाने तेव्हा जी हमी दिली ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वात धाडसी गोष्ट वाटते: तीन महिने कुणालाही मागच्या तिमाहीच्या सरासरीपेक्षा कमी मिळणार नाही, फरक कारखाना भरेल. वडील म्हणाले, पोरं आळशी होतील. पहिल्या महिन्यात सात जणांना फरक द्यावा लागला, दुसऱ्यात एकाला, तिसऱ्यात कुणालाच नाही.

निष्पत्ती

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा सहा आठवडे वही लिहिली. माग शंभर तासांत ७६ तास चालत होते. माणूस नाही म्हणून ६, तार तुटून ८, बीमला ३, वीज-बिघाड ४, इतर ३. ऋतू वेगळा होता, त्यामुळे तार तुटण्याची तुलना सरळ करता येत नाही. पुढच्या एप्रिलमध्ये ती पुन्हा मोजली तेव्हा ८ ची ९ झाली होती, ११ झाली नव्हती.

पूर्वी दिवसाच्या २४ तासांतले ५८ टक्के, म्हणजे जवळपास १४ तास प्रत्यक्ष विणकाम. आता २० तासांतले ७६ टक्के, म्हणजे १५ तासांच्या थोडं वर. कामाचे तास सहाव्या हिश्श्याने कमी झाले आणि कापड ९ टक्क्यांनी वाढलं. विणकराच्या दर तासामागचं कापड तर ३१ टक्क्यांनी. पीस रेट तोच ठेवला होता, त्यामुळे महिन्याची कमाई १५ हजारांच्या आसपास होती ती १६ हजारांच्या पुढे गेली, घरी दोन तास जास्त मिळून. डागी आणि कमी वजनाचा माल शंभरात ७ होता तो ३ वर आला, कारण तार कमी तुटली की कापडात दोषही कमी राहतात. निर्यातदाराशी पुन्हा बोलणी झाली. माल वेळेवर मिळतोय हे पाहून तो चार टक्क्यांवर थांबला. चार टक्के परवडत होते.

रॅपिअरही सुधारले, पण ६५ च्या वर गेले नाहीत. त्यांना चांगलं सूत लागतं आणि चांगलं सूत महाग.

मग २७ ऑगस्ट २०२५ आला. अमेरिकेने भारतीय मालावरचं वाढीव शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. दोन-अडीच वर्षं खपून मिळवलेले चार-पाच टक्के एका रात्रीत धुऊन गेले. अमेरिकेची ऑर्डर थांबली, आठ माग काही आठवडे बंद राहिले. कारखाना आपल्या शेडमधले तास वाचवू शकतो, शहर नळ रोज सुरू ठेवू शकतं, पण शुल्काची बोलणी देशालाच करावी लागतात. या तीन पातळ्या एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत, हे त्या महिन्यात आम्हाला फार जवळून दिसलं. मात्र एक गोष्ट नोंदवायला हवी. दवाखाने आणि हॉटेलांच्या देशी ऑर्डरी मिळवताना हाच कारखाना शेजाऱ्यांपेक्षा कमी भाव सांगू शकला, तोही मजुरी न पाडता. त्या काळात दोघे विणकर पुण्याला गेले, बाकीचे राहिले.

काय वेगळं करता आलं असतं

वही आधी, यंत्र नंतर. हा क्रम उलटा झाला आणि त्याचे हप्ते अजून चालू आहेत. रॅपिअर चुकीचे नव्हते. कोरडी हवा, जाडं सूत आणि पाण्यासाठी घरी पळणारा माणूस यांच्या मधोमध ते आणून ठेवणं चुकीचं होतं.

बायकांशी आम्ही उशिरा बोललो. पाण्याचं कारण अक्कांना वीस वर्षांपासून माहीत होतं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं इतकंच. आणि मिळालेले दोन तास विणकरांना मिळाले, शिलाईच्या बायकांना नाही. त्यांची पाळी आधीपासून नऊ तासांचीच होती, म्हणून त्यांचा हिशेबच मांडला नाही. घरी परतल्यावर त्यांची दुसरी पाळी सुरू होते, हे माझ्या कॉस्टिंगच्या तक्त्यात कुठे बसलं नाही. आज तो तक्ता मी वेगळा मांडेन.

दहा तासांची पाळी हाही समाधानाचा मुक्काम नाही. कायदा आठवड्याला ४८ तास म्हणतो, आणि आम्ही त्याच्या बाहेर आहोत. तेव्हा तिसऱ्या पाळीला माणसं मिळाली नाहीत हे खरं, पण आता कमाई वाढल्यावर पुन्हा विचारायला हवं होतं, ते राहून गेलं.

आणखी एक गोष्ट वहीत कधीच लिहिली गेली नाही. १८ मे २०२५ च्या पहाटे याच एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. आमच्या शेडला मागचं दार आहे, पण त्याच्यापुढे सुताच्या गोण्यांची थप्पी होती. तार तुटल्याची मिनिटं आम्ही दोन वर्षं मोजली आणि त्या दारापर्यंत पोहोचायला किती सेकंद लागतात ते मोजलं नाही. त्याच आठवड्यात थप्पी हलवली, तूस (सुताचा उडणारा कापूस) रोज झाडायचा नियम केला, दाराला आतून कुलूप लावणं बंद केलं.

वही अजून अक्कांकडेच असते. शहराचं पाणी नियमित झालं की तो रकाना काढून टाकू, असं मुलाचं म्हणणं. अक्कांनी नव्या वहीवर रेघा ओढताना तो तसाच ठेवला आहे, आणि त्याच्या शेजारी एक नवा आखलाय: ‘मागचं दार’.